पावतीपुस्तकातली लोकशाही

"तरुणांना सार्वजनिक कामात रस उरलेला नाही" हे वाक्य कोल्हापुरात बोलायचं असेल, तर आधी वर बघून घ्यावं. बोलणाऱ्याच्या डोक्यावर बहुधा एखादं डिजिटल टांगलेलं असतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा करायला हवा, की कोल्हापुरात डिजिटल म्हणजे संगणकाशी संबंधित काही नसून चौकातल्या बांबूंवर ताणलेला फ्लेक्सचा फलक. त्यावर मधोमध वाढदिवसाचे मानकरी उभे असतात. डोळ्यांवर गॉगल, कानाला फोन आणि पाऊल असं पुढे टाकलेलं, की आता फलकातून उतरून थेट महापालिकेत जातील. वरच्या ओळीत नेत्यांची मांदियाळी, मानाप्रमाणे लहानमोठी. खाली शुभेच्छुक म्हणून पासपोर्टच्या आकाराचे तीस-चाळीस तरुण चेहरे, आणि आडनाव मावलं नाही तर नुसतं टोपणनाव. मानकऱ्यांच्या नावाआधी 'युवा नेते' आणि नावानंतर 'भावी नगरसेवक'. महापालिकेत जागा आहेत 81. शहरातले सगळे भावी नगरसेवक एकाच दिवशी आजी झाले, तर सर्वसाधारण सभा शाहू स्टेडियमवर घ्यावी लागेल आणि तिथेही काहींना उभं राहावं लागेल. सार्वजनिक जीवनाची इतकी हौस ज्या शहरात खांबाखांबावर लटकते आहे, तिथल्या तरुणांना लोकशाहीची गोडी लावायला शिबिरं भरवावी लागतात, ही गंमत जरा तपासून बघण्यासारखी आहे.

आधी उदासीनतेचा आरोप निकालात काढू. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापूर मतदारसंघात 71 टक्क्यांहून जास्त मतदान झालं, राज्यात अगदी वरच्या क्रमांकाचं. त्याच वर्षी विधानसभेला जिल्ह्याने 76 टक्के ओलांडले आणि करवीर मतदारसंघ तर 84 च्या पुढे गेला. मुंबई शहर जिल्ह्याची दमछाक तेव्हा 52 टक्क्यांच्या आसपासच झाली होती. आंदोलनांचं तर विचारायलाच नको. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी इथले वकील आणि नागरिक काही दशकं भांडत राहिले आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंच घेऊनच थांबले. 2013 मध्ये शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला, तेव्हा साऱ्या गावाने मिळून तो एवढा सळो की पळो करून सोडला, की शेवटी शासनालाच तो गुंडाळावा लागला. आणि 2025 च्या जुलैअखेरीस नांदणीच्या मठातली महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीण जामनगरच्या वनताराला गेली, तेव्हा तर कमाल झाली. दोन लाखांवर सह्या गोळा झाल्या, नांदणीपासून कोल्हापुरापर्यंत सुमारे 45 किलोमीटरची मूक पदयात्रा निघाली आणि वनतारा व जिओ दोन्ही अंबानींचे, म्हणून पोरांनी जिओचं सिम बदलून टाकलं. आजच्या तरुणाने एका हत्तिणीसाठी नेटवर्क सोडणं, हा त्याग मागच्या पिढीला कळायचा नाही. तिने फार तर जेवण सोडलं असतं.

मग अडतं कुठे? या सगळ्या लढायांकडे पुन्हा पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. कोल्हापूरकराला भांडायला समोर कुणीतरी बाहेरचा लागतो. टोल घेणारी कंपनी बाहेरची, खंडपीठ न देणारी मुंबई बाहेरची, हत्तीण नेणारे बाहेरचे. गल्लीतली तुंबलेली गटार मात्र आपलीच, ती तुंबवणाराही आपलाच आणि ती काढायचं कंत्राट ज्याला मिळालं तो बहुधा आपल्याच तालमीचा. तिथे आवाज एकदम मवाळ होतो. दुसरी गोष्ट वयाची. टोलविरोधी लढा ऐन भरात आला तेव्हा त्याच्या नेत्यांपैकी एन. डी. पाटील 84 वर्षांचे होते आणि गोविंद पानसरे ऐंशीच्या उंबरठ्यावर. कागदपत्रं वाचणं, करारातली कलमं शोधणं, हिशेब मांडणं ही कामं ऐंशीतले लोक करत होते आणि विशीतले त्यांच्यामागून घोषणा देत होते. घोषणा द्यायला, सतरंज्या अंथरायला, अंथरलेल्या पुन्हा गोळा करायला आणि मोटारसायकलच्या रॅलीत दुसऱ्याचं पेट्रोल जाळायला कोल्हापूरच्या तरुणाला कधीच कुणी अडवलेलं नाही. कागद हातात घ्यायची वेळ आली की मात्र "तू लहान आहेस, बघू पुढे" असं सांगितलं जातं. आणि हे सांगणारे 'युवा नेते' बहुतेक वेळा चाळिशी उलटलेले असतात.

यावर कुणी म्हणेल, की तरुणांना कागद वाचण्याचा, हिशेब ठेवण्याचा सराव कुठे असतो? हा आक्षेप घेणाऱ्याने कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत गणपतीनंतरची बैठक पाहिलेली नसावी. इथे तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नाही. लाल मातीचा हौदा काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नावापुरता उरला आहे; पण तालीम मंडळ म्हणजे पेठेचं छोटं सरकार. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं फुटबॉलच्या मैदानावर जितकी गाजतात तितकीच गणपतीच्या मांडवात. मंडळाला अध्यक्ष असतो, खजिनदार असतो, पावतीपुस्तक असतं. विशीतली पोरं दारोदार जाऊन वर्गणी मागतात, म्हणजे अनोळखी माणसाला एखादी गोष्ट पटवून द्यायला शिकतात. पोलिसांची परवानगी काढतात, आवाजाची मर्यादा, मिरवणुकीचा मार्ग आणि महाद्वार रोडवर कुणी कुणाच्या पुढे जायचं यावर वाटाघाटी करतात. ज्यांना संयुक्त राष्ट्रसंघाचं काम अवघड वाटतं, त्यांनी विसर्जनाच्या रात्री दोन मंडळांचे ट्रॅक्टर समोरासमोर आलेले पाहावेत. आणि या सगळ्याच्या शेवटी हिशेबाची बैठक. मांडववाल्याचं बिल किती, झांजपथकाची सुपारी किती, महाप्रसादाला तांदूळ किती लागला आणि उरलेलं पोतं कुणाच्या घरी गेलं, याची तिथे जी उलटतपासणी चालते, ती पाहून एखाद्या लेखापरीक्षकाने नोकरी सोडावी. खजिनदार कितीही मोठ्या घरचा असो, पन्नास रुपयांची पावती सापडली नाही की त्याच्या कपाळावर घाम येतो.

आता त्याच पोराच्या घरात डोकवा. वडील दरवर्षी महापालिकेला घरफाळा भरतात, पाणीपट्टी भरतात. वर्गणीच्या कितीतरी पट ही रक्कम असते. पण घरफाळा किती, हे पोराला माहीत नसतं. प्रभागात गेल्या वर्षी कुठल्या कामावर किती खर्च झाला, हे वडिलांनाही माहीत नसतं. रस्त्याचं डांबर पहिल्या पावसात वाहून गेलं की दोघं मिळून सरकारला शिव्या देतात आणि मिसळ खायला जातात. वर्गणी देणारा आपण मालक आहोत असं समजून हिशेब मागतो. घरफाळा भरणारा मात्र दंड भरून सुटलो अशा चेहऱ्याने पावती खिशात घालतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की तरुणांच्या लोकशाहीतल्या सहभागाचा सगळा प्रश्न या दोन पावत्यांमधल्या अंतराचा आहे. त्यांच्यात काही नवं रुजवायचं नाही. मंडळाच्या खजिनदाराला जे विचारता, तेच प्रभागाच्या नगरसेवकाला विचारा, एवढं सांगायचं आहे. हे सांगायला शिबिर, मार्गदर्शक आणि चहा-बिस्किटं लागत नाहीत. हे विचारण्याची जागा मात्र लागते.

आणि नेमकी तीच जागा आपण बराच काळ कुलूप लावून ठेवली होती. कोल्हापूर महापालिकेची निवडणूक 1 नोव्हेंबर 2015 रोजी झाली. सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. त्यानंतर करोना, प्रभागरचना, आरक्षणाचा वाद असं करत करत एक अख्खी मुदत प्रशासकांच्या हाती गेली. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याला स्थानिक निवडणुका घ्यायला बजावलं आणि मग 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. आता जरा गणित करू. 2 जानेवारी 1997 रोजी जन्मलेला कोल्हापूरकर घ्या. 1 जानेवारी 2015 या अर्हता दिनांकाला तो अठरा वर्षांचा व्हायला एक दिवस कमी पडला, म्हणून त्या वर्षी त्याला मत नाही. पुढची संधी आली तेव्हा तो एकोणतीस पूर्ण करून बसला होता. म्हणजे राज्यघटनेने 1989 मध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणलं आणि आपण महापालिकेपुरतं ते गुपचूप 29 वर नेऊन ठेवलं. या वयात फुटबॉलचा खेळाडू गुडघ्याला पट्टा बांधू लागतो. त्यातून बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाले होते, त्यामुळे अकरा वर्षांच्या उपाशी मतदाराच्या ताटात एकदम चार मतं वाढली गेली. आणि हे सगळं झाल्यावर पुन्हा व्यासपीठावरून विचारायचं, की आजचा तरुण स्थानिक प्रश्नांपासून दुरावला का आहे?

महाविद्यालयांत डोकावलं तर तिथेही तेच. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या थेट विद्यार्थी निवडणुका बंद केल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. म्हणजे वर्गात पहिला आला, तो वर्गाचा पुढारी. हाच नियम विधानसभेला लावला असता तर काय झालं असतं, याची कल्पना वाचकांनी आपापल्या मतदारसंघापुरती करून पाहावी. 2016 च्या नव्या कायद्याने निवडणुका कागदावर परत आणल्या, 2019 मध्ये त्यांचं वेळापत्रकही ठरलं, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या. मोठ्यांची निवडणूक आली म्हणून लहानांनी अंगणातून आत यायचं, हा आपल्या घरातला जुना रिवाज. तेवढ्यात 25 जानेवारीचा मतदार दिन मात्र दरवर्षी नेमाने येतो. शपथ होते, रांगोळ्या होतात, बोटाची शाई दाखवायचा सेल्फी पॉइंट उभा राहतो आणि प्रमुख पाहुणे 'युवा संवादा'त पन्नास मिनिटं एकटेच बोलतात. कुठल्याही तालमीतल्या वस्तादाला विचारा, पोरगं पैलवान कसं होतं? तो भाषण करत नाही. लंगोट चढवायला लावतो, हौद्यात ढकलतो आणि पाठीला माती लागली की पुन्हा उठवतो. आपण मात्र पोराला हौद्याच्या काठावर बसवून कुस्तीचं महत्त्व सांगतो आहोत, आणि वर विचारतो आहोत, की तुझं अंग का कमवलं जात नाही?

निवडणुकांवर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या त्या मारामाऱ्यांमुळे, पैशामुळे, बाहेरच्या पक्षांमुळे आणि मुंबईत तर एका विद्यार्थी उमेदवाराचा खून झाल्यामुळे. भीती खरी होती. पण उपायाकडे कोल्हापूरच्या नजरेने बघा. इथे फुटबॉलच्या सामन्यांतही हाणामाऱ्या होतात. मैदानावर सुरू होतात आणि पेठेत संपतात. म्हणून कुणी कोल्हापुरातून फुटबॉल हद्दपार केला का? सामना थांबवतात, संघांवर कारवाई करतात, पोलीस बसवतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा शिट्टी वाजते. कारण खेळ बंद केला तर पोरांची रग जात नाही, नुसतेच नियम जातात, एवढं शहाणपण या शहराला आहे. राजकारणाची रगही तशीच आहे. निवडणूक बंद केल्याने ती संपली नाही. ती वाढदिवसाच्या डिजिटलवर गेली, जिथे पंच नाही, शिट्टी नाही आणि खर्चाचा हिशेबही नाही.

दुसरा आक्षेप परिपक्वतेचा. आजची पोरं रील बघतात, त्यांना काय कळतं? या शहरात हा प्रश्न विचारणं जरा धाडसाचं आहे, कारण आपण ज्यांच्या नावाने रोज शपथ घेतो, त्या शाहू महाराजांनी 1894 च्या एप्रिलमध्ये राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्यांना वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी ज्यांना समाजाचा पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं, ते डॉ. आंबेडकर तेव्हा 28 वर्षांचे होते. म्हणजे महापालिकेसाठी पहिलं मत देताना आमचा 1997 चा मतदार जेवढा होता, त्याहूनही लहान. कुणी म्हणेल, ती माणसंच वेगळी. असतील. पण महाराजांनी सामान्य रयतेच्या बाबतीत काय केलं तेही बघा. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा त्यांनी 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर रांगोळी स्पर्धा ठेवली नाही. शाळा काढल्या आणि मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. लायकी आली की संधी देऊ, असं ते म्हणत बसले असते तर आज आपण या लेखावर सहीऐवजी अंगठा उठवला असता.

माझ्याच म्हणण्यात एक खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. तालमीची लोकशाही म्हणून मी जिचे गोडवे गातो आहे, तिच्या पावतीपुस्तकाला मुलीचा हात क्वचितच लागतो. मुली आरतीला असतात, रांगोळीला असतात, अलीकडे ढोल-ताशातही असतात. हिशेबाच्या बैठकीला मात्र घरी गेलेल्या असतात, कारण बैठक रात्री साडेदहाला सुरू होते. आणि 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. म्हणजे ज्यांना कधी शंभर रुपयांची पावती फाडू दिली नाही, त्यांना आपण एकदम कोट्यवधींच्या अंदाजपत्रकासमोर बसवतो, आणि मग शेजारी खुर्ची टाकून यजमान बसतात, 'मदतीला'. 1700 मध्ये राजाराम महाराज गेले, तेव्हा पंचविशीतल्या ताराबाईंनी औरंगजेबाशी युद्ध चालवलं, तेही यजमान शेजारी नसताना. कावळा नाक्यावर त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे. रोज त्याच्या शेजारून स्कूटीवर कॉलेजला जाणाऱ्या मुलीला तालमीचं खजिनदारपद द्यायला आपण का कचरतो, याचं उत्तर तालमींनी द्यायचं आहे. बैठक संध्याकाळी सातला घेतली तरी अर्धं काम होईल.

शेवटचा आक्षेप तरुणांचाच आहे आणि सर्वांत प्रामाणिक आहे. "भावा, वेळ कुणाकडं हाय, आणि विचारून हुतंय काय?" निम्मी पोरं नोकरीसाठी पुण्यात, उरलेली शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतल्या शिफ्टमध्ये किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत. कबूल. पण गावाकडच्या पोरांसाठी ग्रामसभा प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, गांधी जयंती अशा सुट्ट्यांच्या आसपासच असतात. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांतली कमी असेल ती संख्या जमली की गणपूर्ती होते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही तरतूद गावकारभाऱ्यांना तोंडपाठ असते. तुम्ही गेला नाहीत म्हणून निर्णय थांबत नाही, तो फक्त तुमच्यावाचून आणि जास्त लवकर होतो. विचारून काय होतं, याचं उत्तर शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने दिलं आहे. मे 2022 मध्ये या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि दोन आठवड्यांच्या आत राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मंत्रालयातून गावात कागद येताना आपण नेहमी पाहतो. हा कागद गावातून मंत्रालयात गेला.

शहरातल्यांना ग्रामसभा नाही. प्रभागातल्या क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात आहे, पण ती कायद्याच्या पुस्तकातच सुखाने नांदते आहे. तोवर माहितीचा अधिकार आहे. अर्जाची फी दहा रुपये, म्हणजे मिसळीबरोबरच्या जादा पावाच्या आगेमागे. उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत बसवायचा असा नियम आहे. पाल्हाळ लावणाऱ्या गावांना तो जाचक वाटेल, दोन शब्दांत माणसाला गार करणाऱ्या कोल्हापूरकराला नाही. तेव्हा येत्या गणपतीत मंडळाच्या हिशेबाची बैठक झाली, की पोरांनो आणि पोरींनो, लगेच उठू नका. सतरंजी आज कारभाऱ्यांना गोळा करू दे. घरी जाऊन कपाटातली घरफाळ्याची पावती शोधून आणा, ती मंडळाच्या पावतीपुस्तकाशेजारी ठेवा, आणि आपल्या प्रभागात गेल्या वर्षी कशावर किती खर्च झाला एवढं एकच विचारणारा अर्ज तिथेच बसून लिहा. वर्गणी आपण दोन्हीकडे दिली आहे. हिशेब एकाच ठिकाणी मागून चालणार नाही.